दाजींच्या खड्याचं खाणीतलं नाव

मागच्या मे महिन्यात आमच्या दाजींचा मुतखडा दुर्बिणीने काढला. सोलापुरात पारा ४३ अंशांवर होता आणि दाजी दिवसभरात दोन तांबे पाण्यावर भागवत होते, तेव्हा आश्चर्य काहीच नव्हतं. खडा डबीत घालून त्यांनी घरी आणला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी, वरून खरखरीत. त्यातलाच एक तुकडा तपासणीला गेला होता. त्याचा कागद आठ दिवसांनी आला आणि दाजी तो घेऊन थेट माझ्याकडे आले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला सगळं येतं अशी घरात समजूत आहे.

"हे बघ रे. कॅल्शियम ऑक्झलेट कळलं, डॉक्टरनी सांगितलं. पण कंसात हे इंग्रजीत काय लिवलंय? कुठलं औषध हाय का?"

औषध नव्हतं. कंसात ह्यूएलाइट लिहिलं होतं, आणि ते एका खनिजाचं नाव आहे. हाच पदार्थ जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत सापडला की संग्राहक त्याला मखमलीच्या पेटीत ठेवतात. दाजींनी तो पोटात तयार केला आणि वर पैसे देऊन काढून घेतला.

या खनिजाला विल्यम ह्यूएल यांचं नाव दिलेलं आहे. केंब्रिज विद्यापीठात ते खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण 'व्हेवेलाइट' म्हणतात, पण त्या आडनावाचा उच्चार ह्यूएल असा आहे. शास्त्रज्ञाला इंग्रजीत आज जो शब्द वापरतात, 'सायंटिस्ट', तो १८३३ च्या सुमाराला याच गृहस्थांनी घडवला. फॅरेडेला अ‍ॅनोड आणि कॅथोड हे शब्दही त्यांनीच सुचवले. भाषेला इतकं दिलेल्या माणसाचं नाव १८५२ साली या खनिजाला मिळालं आणि आता ते जगभरच्या मुतखड्यांच्या रिपोर्टांवर छापलं जातं.

आता हा पदार्थ म्हणजे काय ते पाहू. ऑक्झॅलिक आम्ल हे वनस्पतींतलं एक साधं आम्ल. पावसाळ्यात कुंड्यांत आपोआप उगवणारी तीन पानांची आंबुशी आपण लहानपणी चावून खायचो, तिची चव याच आम्लाची. आंबुशीचं शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस आणि आम्लाचं नाव त्यावरूनच पडलं. चुका आंबट लागतो तोही याच्यामुळेच. मोहोळ-मंगळवेढ्याकडे थंडीत हरभऱ्याच्या रानातून पहाटे चालून बघा, पायांना चुरचुरतं. पानांवरच्या त्या आंबट दवाला आपल्याकडे आंब म्हणतात. जुनी माणसं रात्री पिकावर धोतर पसरून सकाळी ते पिळून आंब गोळा करायची. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक अशी दोन्ही आम्लं असतात.

या आम्लाला कॅल्शियम भेटला की दोघांची जोडी जमते आणि कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एक लिटर साध्या पाण्यात जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम. म्हणजे कळशीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकावं, त्याहूनही कमी. या न विरघळण्यातूनच पुढची सगळी कथा घडते, दगडातलीही आणि दाजींच्या पोटातलीही.

स्फटिक होताना हा पदार्थ पाण्याचे रेणू सोबत अडकवून घेतो. प्रत्येक ऑक्झलेटमागे एक पाणी असेल तर ह्यूएलाइट. दोन असतील तर वेडेलाइट, कारण ते अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळच्या गाळात मिळालं आणि १९३६ साली त्याचं वर्णन झालं. तीन पाण्यांचंही एक आहे, कॅओक्साइट, पण ते फारच विरळ. यांतलं एक पाण्याचं सगळ्यांत स्थिर. वेडेलाइटला वेळ मिळाला की ते एक पाणी सोडून ह्यूएलाइट होतं.

ह्यूएलाइटची गणना सेंद्रिय खनिजांत होते. यात कार्बन आहे म्हणून ते सेंद्रिय, असं मात्र नाही. कार्बन चुनखडीतही असतो, तिला कुणी सेंद्रिय खनिज म्हणत नाही. चुनखडीत प्रत्येक कार्बन एकटा असतो, भोवती तीन ऑक्सिजन. ऑक्झलेटमध्ये दोन कार्बन एकमेकांना धरून बसलेले असतात, दोघांच्या बाजूंना दोन-दोन ऑक्सिजन. कार्बनचा कार्बनशी बंध आला की आपण सेंद्रिय रसायनशास्त्राच्या उंबऱ्यावर पोचतो. ऑक्झलेट या उंबऱ्यावरच उभं आहे, अर्धा पाय आत, अर्धा बाहेर. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर याने युरिया प्रयोगशाळेत बनवला ते १८२८ चं वर्ष सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं, कारण सजीवांतला पदार्थ निर्जीव रसायनांतून करता येतो हे त्याने दिसलं. पण त्याच माणसाने चार वर्षं आधी, १८२४ मध्ये, सायनोजेनपासून ऑक्झॅलिक आम्ल केलं होतं. तेव्हा कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मला दरवर्षी वर्गात हे सांगावंसं वाटतं आणि दरवर्षी तास संपतो.

आज मान्यता असलेली खनिजं सुमारे ६,००० आहेत. त्यांत सेंद्रिय खनिजं मूठभरच. काही तर अजब आहेत. मेलाइट हे मधाच्या रंगाचं, लिग्नाइट कोळशात सापडणारं. त्याचं नावच मधावरून आलंय. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या तेलदगडात अ‍ॅबेल्सनाइट मिळतं, गुलाबी-जांभळं. त्याचा रेणू हरितद्रव्याच्या घराण्यातला, फक्त मॅग्नेशियमच्या जागी निकेल येऊन बसलेलं. कार्पेथाइट अतिनील प्रकाशात निळं उजळतं. आणि रशियातलं टिननक्युलाइट केस्ट्रेल जातीच्या छोट्या ससाण्याच्या शिटेपासून बनतं. खनिजशास्त्र म्हणजे सोनं-हिरे असं समजून त्या विषयाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय होत असेल, कोण जाणे.

या सगळ्यांत ह्यूएलाइट निदान देखणं आहे. चांगला स्फटिक रंगहीन किंवा किंचित पिवळसर, काचेसारखा चमकणारा, काही पृष्ठांवर मोत्याची झाक. दाजींचा खडा तपकिरी दिसतो तो आत अडकलेल्या प्रथिनांमुळे आणि रंगद्रव्यांमुळे. कठीणपणा मोह्सच्या मापावर (एक म्हणजे सर्वांत मऊ, दहा म्हणजे हिरा) अडीच ते तीन. नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास आणि तांब्याच्या नाण्याचा तीन, म्हणजे हे त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. घनता २.२ च्या वर थोडी, आपल्या काळ्या पाषाणापेक्षा पुष्कळ हलकं. ठिसूळ असल्यामुळे फुटलं की शिंपल्यासारखा गोलसर तुकडा निघतो. प्रकाशाच्या बाबतीत मात्र ते भलतंच जोमदार आहे. आत शिरणाऱ्या किरणाचे ते दोन वेगवेगळ्या वेगांचे किरण करतं, आणि या गुणात ते कॅल्साइटच्या जवळ पोचतं. कॅल्साइटच्या पारदर्शक तुकड्याखाली अक्षर ठेवलं की दोन दिसतात, तो प्रयोग आठवत असेल. याच गुणामुळे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ह्यूएलाइटचा बारीकसा कणही काळ्या पार्श्वभूमीवर लखलखतो. पॅथॉलॉजीवाल्यांना तो लगेच ओळखू येतो.

तापवल्यावर ते कसं वागतं, हा माझा सर्वांत आवडता भाग. १०० ग्रॅम ह्यूएलाइट भट्टीत घालून हळूहळू तापवत न्या. दोनशे अंशांच्या आसपास पोचेपर्यंत पाणी निघून जातं, सुमारे १२ ग्रॅम. मग बराच वेळ काहीच घडत नाही. पाचशेच्या सुमाराला कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणखी १९ ग्रॅम कमी. आता भट्टीत उरली चुनखडी. सातशेच्या वर तीही मोडते, ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडतो आणि शेवटी साधारण ३८ ग्रॅम कळीचा चुना हातात येतो. पायऱ्या इतक्या स्वच्छ, वेगवेगळ्या पडतात, की तापवताना वजन मोजणारी यंत्रं बरोबर चालतात का हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा हाच पदार्थ वापरतात. मी हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, "म्हणजे माझ्या पोटात चुन्याची भट्टी होती म्हण की."

तर खाणीत हे सापडतं कुठं? ठिकाणं मोजकी. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या फ्रायटालच्या दगडी कोळशाच्या खाणींतून निघालेले हृदयाच्या आकाराचे जुळे स्फटिक संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. त्याच सॅक्सनी प्रांतात श्लेमाच्या युरेनियमच्या खाणींतही ते मिळालं. चेक देशात क्लाद्‌नोचा कोळसा. अमेरिकेत मोंटाना राज्यात हाव्हर गावाजवळ चिखलाच्या दगडात चुनखडीचे गोळे असतात, आतून सुकलेल्या शेतासारखे भेगाळलेले, त्या भेगांत.

ही यादी वाचून ध्यानात येतं की बहुतेक ठिकाणी शेजारी कुजून दबलेली झाडं, म्हणजे कोळसा किंवा काळा सेंद्रिय गाळ आहे. त्यातलं द्रव्य हळूहळू ऑक्सिडाइज होताना थोडं ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं. ते पाण्याबरोबर भेगांतून झिरपतं आणि वाटेत कॅल्शियमवालं पाणी भेटलं की स्फटिक धरतात. फक्त तिथं फार उष्णता नको. ह्यूएलाइटचं पाणी दोनशे अंशांच्या आत उडतं, तेव्हा खोल, तापलेल्या खडकात ते टिकणार कसं? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे जिवाणू. ऑक्झलेट खाऊन जगणारे जिवाणू मातीत सगळीकडे असतात. ते ऑक्झलेट खातात आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, सोडतात. आफ्रिकेतल्या इरोको नावाच्या झाडाखाली हे फार मोठ्या प्रमाणात घडतं. झाड ऑक्झलेट बनवतं, पानं-फांद्या गळून कुजतात, जिवाणू ते खातात आणि आम्लधर्मी, चुना नसलेल्या मातीत झाडाच्या बुंध्याभोवती चुनखडी जमते. आपल्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे असेच झाले, असं मी म्हणत नाही हं. त्यांचा रस्ता वेगळा, पाणी वर चढून उन्हाने उडतं आणि चुना मागे राहतो.

म्हणजे हे खनिज दुर्मिळ आहे ते कमी तयार होतं म्हणून नव्हे. पृथ्वीवर दरवर्षी झाडं ते प्रचंड प्रमाणात बनवतात. ते टिकत नाही म्हणून दुर्मिळ. ज्या भेगेत जिवाणू पोचले नाहीत, उष्णता वाढली नाही आणि पाणी थांबलं, तिथंच ते लाखो वर्षं तसंच राहतं.

सोलापूरच्या खडकात मिळेल का? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा पाषाण. त्याच्या पोकळ्यांत दख्खनचे नावाजलेले झिओलाइट आणि कॅल्साइट मिळतात, कॅल्शियमची कमतरता नाही. पण लाव्हात कोळसा कुठून येणार? झाडाचा अंश नाही, मग ऑक्झॅलिक आम्ल नाही. त्यामुळे खाणीत शोधायला जाऊ नका. सोलापूरचं ह्यूएलाइट जमिनीच्या वर आहे.

बांधावरचं निवडुंग बघा. फड्या निवडुंगाच्या पेशींत ह्यूएलाइटचे काटेरी गोळे भरलेले असतात, सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या गोखरूसारखे दिसतात. जास्तीचा कॅल्शियम कुलूपबंद ठेवायला झाडाला ती सोय आहे, आणि खाणाऱ्या प्राण्याला दूर ठेवायलाही. अळूत हेच स्फटिक सुयांच्या जुडग्यांसारखे असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो या सुयांनी आणि त्यांच्याबरोबर घशात घुसणाऱ्या प्रथिनांनी. शिजवल्यावर प्रथिनं मोडतात. आमच्या घरी फदफद्यात चिंच घालताना 'चिंचेने खाज विरघळते' असं सांगतात. चव सोडून मी त्यावर वाद घालत नाही, पण कॅल्शियम ऑक्झलेट व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळत नाही हे रसायनशाळेत पोरांना करून दाखवतो.

भुईकोट किल्ल्याच्या तटावर करडे-पांढुरके पापुद्रे दिसतात, ती लायकेन. मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. यातल्या बऱ्याच जाती ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, त्याने दगडाचे कण सुटतात आणि ऑक्झलेटचा पातळ थर उरतो. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या संगमरवरी स्तंभावर असा पिवळसर-तपकिरी थर आहे. तो लायकेनने आला की जुन्या कारागिरांनी दूध-अंडी-तेल लावल्यामुळे, यावर खूप वाद झालेत. पण तो थर संगमरवराला सांभाळतो, कारण संगमरवरापेक्षाही तो पाण्यात कमी विरघळतो. म्हणून हल्ली संवर्धक मुद्दाम अमोनियम ऑक्झलेट लावून संगमरवरावर तसा थर चढवतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या पेकोस नदीकाठच्या गुहाचित्रांवरही असे थर जमलेत. त्या थरातला कार्बन हवेतून आलेला, म्हणून कार्बन-१४ च्या पद्धतीने त्याचं वय काढता येतं आणि त्यावरून चित्राचं. दाजींना हे फार पटलं नाही. "मुतखड्याच्या मसाल्यावरून चित्राचं वय?" म्हणाले.

त्यांना पटायला त्यांच्याच धंद्यात शिरावं लागलं. दाजी साखर कारखान्यात पॅनमन होते, तीस गळीत हंगाम. पॅनमध्ये उसाचा रस आटवत आटवत अशा घट्टपणाला आणतात, की साखर विरघळलेली तर असते पण मनातून बाहेर पडायला तयार असते. मग सीड सोडतात, साखरेची बारीक भुकटी. प्रत्येक कणाभोवती दाणा धरतो. घट्टपणा कमी पडला तर दाणा विरघळतो, जास्त झाला तर नको तिथं नवे दाणे सुटतात.

"तुमचं मूत्रपिंड म्हणजे पॅन," मी म्हटलं. "मेच्या उन्हात घामाने पाणी गेलं, लघवी आटली, ऑक्झलेट घट्ट झालं."

"आणि सीड?"

हा प्रश्न पॅनमनच विचारणार. त्याचं उत्तर १९३७ मध्ये अलेक्झांडर रँडल या अमेरिकन डॉक्टरने दिलं. मूत्रपिंडातल्या उंचवट्यांच्या टोकांवर कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक पांढुरके ठिपके जमतात, त्यांना आज रँडल प्लाक म्हणतात. बऱ्याच ह्यूएलाइटच्या खड्यांनी आपली मुळं तिथं धरलेली असतात.

बहुतांश मुतखडे कॅल्शियमचे, आणि त्यातले बहुतेक ऑक्झलेटचे असतात. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ वोलास्टन याने १७९७ मध्येच गाठीगाठीच्या, तुतीच्या फळासारख्या दिसणाऱ्या खड्यात ऑक्झलेट ओळखलं होतं. वेडेलाइटचे खडे बाहेरून टोकदार, आणि लघवीत त्याचे सुटे स्फटिक पोस्टाच्या पाकिटासारखे दिसतात. ह्यूएलाइट जास्त घट्ट. बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडायचा, तर वेडेलाइट तुलनेने लवकर फुटतं, हे दाद देत नाही. दाजींना दुर्बीणच लागली.

खाण्याबद्दलही ऐकीव गोष्टी फार. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, असं अर्धं सोलापूर मानतं. टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं. जास्त असतं ते पालकात, आणि नाव घ्यायला जीभ वळत नाही, पण शेंगदाण्यातही ते बऱ्यापैकी असतं. म्हणून कुणी शेंगाचटणी सोडावी असं मी सांगणार नाही. किती खायची ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारावं. दुसरं, 'कॅल्शियमचा खडा आहे, दूध-दही बंद करा' हा सल्ला उलटा आहे. जेवणात कॅल्शियम असेल तर ऑक्झलेट त्याला आतड्यातच चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम नसेल तर मोकळं ऑक्झलेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडात येतं. भाकरीबरोबरचं ताक इथं कामाला येतं. आतड्यात ऑक्झलेटवर जगणारा एक जिवाणूही असतो, ऑक्झॅलोबॅक्टर, १९८५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. आणि पाणी. खडा झालेल्यांना दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायला सांगतात. अडीच लिटर पाणी नव्हे, लघवी. सोलापूरच्या उन्हात याचा हिशेब किती तांबे होतो, ते दाजी आता तोंडपाठ सांगतात.

राहता राहिला एक कायद्याचा मुद्दा. खनिज कशाला म्हणावं याची आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने १९९५ मध्ये व्याख्या पक्की केली. ती म्हणते, भूगर्भीय प्रक्रियेतून झालेलं तेच खनिज. सजीवाच्या शरीरात झालेलं, भूगर्भाचा हात न लागलेलं, ते नाही. आणि उदाहरणं देताना तिने नेमके मुतखडे आणि वनस्पतींतले ऑक्झलेटचे स्फटिकच घेतलेत. रेणू तोच, स्फटिक तोच, क्ष-किरणांना फरक दिसत नाही. तरी फ्रायटालचं ते खनिज, आणि दाजींचं नाही. संघटनेचा मुद्दा मला समजतो, कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण रेघ बरोबर आमच्या घरावरूनच गेली.

खडा आता शाळेतल्या दगडांच्या पेटीत आहे, कॅल्साइट आणि स्टिलबाइटच्या मधल्या खणात. दाजींनीच दिला. लेबल लिहायला बसलो. नमुना: ह्यूएलाइट, अवतरण चिन्हांत. रंग, कठीणपणा, घनता लिहिली. शेवटी 'प्राप्तिस्थान' असा रकाना असतो, तिथं पेन थांबलं.

दाजी शेजारी बसून पाणी पीत होते. म्हणाले, "लिही की. तालुका मोहोळ, डावी बाजू."